टीममध्ये मॅक्रो शेअर करताय? मग या चुका टाळा

"माझ्याकडे तर चालतोय की!" हे वाक्य एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, बनवणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून कधी ना कधी निघतंच, माझ्याही निघालंय. खोटं नसतं ते. मॅक्रो ठीकच असतो, फक्त तो आपल्या मशीनच्या सवयी धरून लिहिलेला असतो आणि समोरच्याच्या मशीनला त्या ठाऊक नसतात.

आधी फाइलचं बघा. एक्सएलएसएक्स या नेहमीच्या एक्सेल फाइलमध्ये मॅक्रो राहत नाही, 2007 पासून त्यासाठी वेगळा एक्सएलएसएम फॉरमॅट आहे. सेव्ह करताना एक्सेल विचारतं, आपण न वाचता यस दाबतो, फाइल बंद केली की कोड गेला! दुसरा घोळ म्हणजे रेकॉर्ड करताना पर्सनल मॅक्रो वर्कबुक निवडलेलं असतं, मग मॅक्रो आपल्याच मशीनवर बसून राहतो आणि पाठवलेली फाइल रिकामी. पाठवण्याआधी ऑल्ट एफ11 दाबून कोडचा एडिटर उघडा आणि मॉड्यूल, म्हणजे कोडचं पान, नक्की कुठल्या फाइलखाली दिसतंय ते बघा.

मग येते फाइल उघडल्यावर वर दिसणारी लाल पट्टी. मेलवरून किंवा नेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक खूण ठेवतं आणि 2022 पासून अशा फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने मुळातच ब्लॉक केलेत, त्यामुळे आधी पिवळ्या पट्टीवर मिळायचं ते एनेबलचं बटणच इथे नसतं आणि लोक शोधत बसतात. फाइल सेव्ह करून बंद करा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅबमध्ये खाली अनब्लॉकवर टिक, ओके. पाठवणाऱ्याने खरंच पाठवलीये ना हे विचारूनच. वैतागून सगळेच मॅक्रो एनेबल करायचं सेटिंग मात्र कोणाला सांगू नका, उद्या भलत्याची फाइलही बिनबोभाट चालेल. रोजचंच काम असेल तर आयटीवाल्यांना सांगून शेअर्ड फोल्डर ट्रस्टेड लोकेशनमध्ये, म्हणजे एक्सेल ज्यांतले मॅक्रो न अडवता चालवतं त्या फोल्डरांच्या यादीत, टाकून घ्या.

आता माझी फजिती. जुना डेटा साफ करणारा मॅक्रो लिहिला, त्याला शॉर्टकट की दिली, कोडमध्ये सगळीकडे ॲक्टिव्हवर्कबुक, म्हणजे त्या क्षणी समोर असलेली फाइल. सहकाऱ्याकडे दोन फाइल्स उघड्या होत्या, त्याने शॉर्टकट दाबला तेव्हा समोर दुसरीच फाइल होती आणि तिचाच डेटा उडाला. कंट्रोल झेड दाबून बघितलं, पण मॅक्रोने शीट बदललं की अनडूची यादी पुसली जाते हे तेव्हा कळलं. सेव्ह केलं नव्हतं म्हणून वाचलो. तेव्हापासून मी धिसवर्कबुकच लिहितो, म्हणजे कोड ज्या फाइलमध्ये आहे तीच फाइल, आणि शीटचं नाव घेतल्याशिवाय नुसतं रेंज लिहीत नाही.

पाथचंही तेच. सी ड्राइव्ह, युजर्स, पुढे तुमचं नाव, डेस्कटॉप, असा पाथ कोडमध्ये असेल तर तो दुसऱ्याकडे कसा सापडणार? धिसवर्कबुक डॉट पाथ वापरा, फक्त फाइल वनड्राइव्हवर असेल तर तिथे फोल्डरऐवजी वेब ॲड्रेस येऊ शकतो आणि फाइल शोधणारं डिर फंक्शन आपटतं.

आपल्या लोकांना हमखास नडणारी गोष्ट म्हणजे मराठी शीटची नावं. मॅक्रोची भाषा म्हणजे व्हीबीए, तिच्या एडिटरला देवनागरी झेपत नाही, कोडमध्ये नाव पेस्ट केलं की नुसती प्रश्नचिन्हं, आणि चालवलं की रनटाइम एरर 9, म्हणजे त्या नावाचं शीटच सापडत नाही. शीटचं कोडनेम, म्हणजे एडिटरमधलं त्याचं वेगळं नाव, वापरा, ते इंग्रजीत ठेवा, बाहेर टॅबवर काय हवं ते लिहा.

कंपाइल एरर आला तर एडिटरच्या टूल्समध्ये रेफरन्सेस, म्हणजे कोड वापरतो त्या बाहेरच्या लायब्ररींची यादी, उघडून मिसिंग लिहिलेलं काही आहे का बघा. विंडोजचं फंक्शन बोलावणाऱ्या डिक्लेअर ओळीवर अडकलं असेल तर 64 बिट ऑफिससाठी लागणारा पीटीआरसेफ हा शब्द तिथे लिहायचा राहिलाय. ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए चालतच नाही, तिथे डोकं आपटू नका.

आणि हो, एका सेलमध्ये व्हर्जन नंबर टाकून ठेवा. कोणी नुसतं "चालत नाहीये" म्हणालं की मी आधी तो नंबर आणि एररचा स्क्रीनशॉट मागतो, बऱ्याचदा समोरचा मागच्या महिन्याचीच फाइल उघडून बसलेला असतो.