उलट्या वाऱ्यात पाठ फिरवणारं पॅराशूट

आमचं 2 किलोचं पार्सल जमिनीवरच्या खुणेवर आपोआप उतरवणारं चौकोनी पॅराशूट खुणेजवळ आलं की अचानक पाठ फिरवायचं. दोन आठवडे मी पॅराशूट वळवणाऱ्या ब्रेकच्या दोऱ्या आणि त्या ओढणारी सर्वो मोटरच तपासत बसलो. चूक वेगळीच होती. जीपीएस पॅराशूटचं तोंड कुठे आहे ते सांगत नाही, ते कुठे सरकतंय तेवढंच सांगतं. समोरचा वारा जोरात असला की पॅराशूट मागे सरकतं, आणि प्रोग्रामला वाटतं आपण उलटे वळलोय, म्हणून तो खरंच पाठ फिरवतो!

आता उंचावर असतानाच ते संथपणे एक पूर्ण गोल घेतं. त्या गोलातल्या जीपीएस वेगांची दिशेसकट सरासरी म्हणजे वारा. जीपीएसच्या वेगातून तो वजा केला की तोंडाची खरी दिशा मिळते. शेवटचा टप्पा वाऱ्याला सामोरं जाऊन.

परवा पार्सल खुणेपासून 7 पावलांवर टेकलं. मोजताना माझे पाय थरथरत होते.