पिंपाला अजीर्ण होऊ देऊ नका

ओल्या कचऱ्यापासून गॅस करायला दोन पिंपं लागतात. मोठं 200 लिटरचं, वरून उघडं. त्यात उपडं बसेल असं दुसरं जरा लहान. गॅस साठला की उपडं पिंप वर उचललं जातं, वापरला की खाली बसतं. कचरा टाकायचा पाइप मोठ्या पिंपाच्या तळापर्यंत न्या, मळी (कुजून उरलेला पातळ गाळ) बाहेर पडायची तोटी वरच्या बाजूला ठेवा. सांध्यांना साबणाचा फेस लावा. बुडबुडा आला म्हणजे गळती. काडी ओढून तपासायला जाऊ नका.

मग विरजण. ताजं शेण आणि पाणी समसमान कालवून, काडीकचरा काढून पिंपात भरा. दोन-तीन आठवडे हात लावू नका. पहिल्या गॅसमध्ये हवा आणि कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. असा एक-दोनदा साठलेला गॅस उघड्यावर, आगीपासून लांब सोडून द्या.

ज्योत निळी टिकली की कचरा सुरू, तोही मूठभर. किलोभरावर यायला मी महिना घेतला. कचरा बारीक करायचा, तेवढंच पाणी घालायचं. लिंबाच्या साली, हाडं, करवंट्या, साबणाचं पाणी नको.

घाई का नको? आत दोन प्रकारचे सूक्ष्मजीव असतात. एक कचऱ्याचं झपाट्याने आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा सावकाश मिथेन, म्हणजे जळणारा गॅस करतात. एकदा पाहुणे गेल्यावर उरलेलं पाच किलो अन्न मी एका दमात ओतलं. सकाळी पिंप कधी नव्हे इतकं वर आलेलं! मी खूश. शेगडी लावली तर काडीच विझली. तोटीला आंबूस वास. लिटमस कागद मळीत बुडवला तर लाल झाला, म्हणजे आम्ल वाढलेलं. मिथेनवाल्यांना सामू (pH, आम्लतेचं माप) सातच्या आसपास लागतो. चिमूट चिमूट चुना घातला आणि पिंपाला दोन आठवडे कडक उपवास. मग कुठे ज्योत परत आली.

साधारण 30 ते 37 अंशांत काम जोमात चालतं, थंडीत मंदावतं. म्हणून माझं पिंप काळं रंगवून उन्हात ठेवलंय. नेहमीच्या शेगडीचं जेटचं भोक या गॅसला लहान पडतं, ते मोठं करून घ्यावं लागतं. किलोभर कचऱ्यावर माझी शेगडी वीसेक मिनिटं चालते. तोटीतून आलेली मळी दहापट पाण्यात कालवून कुंड्यांना जाते.