सीएमडी कमांड ओळखत नाही? आधी या चुका टाळा

‘इज नॉट रेकग्नाइज्ड अ‍ॅज अ‍ॅन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड’ असं सीएमडीने, म्हणजे विंडोजच्या कमांड टाइप करायच्या काळ्या विंडोने, म्हटलं की बहुतेक जण एकच उपाय करतात. सॉफ्टवेअर काढतात आणि परत टाकतात. तरी चालत नाही, मग दुसऱ्या साइटवरून टाकतात. शेवटी गाडी ‘विंडोजच नवीन मारून घेऊ’वर येते. अरे, पण तो मेसेज नक्की काय सांगतोय ते तरी बघा!

डीआयआर, सीडी, कॉपी, एको अशा काही कमांड सीएमडीच्या पोटातच असतात, त्या इंटर्नल. बाकी सगळ्या कमांड म्हणजे डिस्कवर कुठेतरी पडलेल्या फायली. तुम्ही नाव टाइप केलं की सीएमडी आधी तुम्ही उभे आहात त्या फोल्डरमध्ये बघते, मग ‘पाथ’ नावाच्या यादीतली फोल्डरं एकामागून एक धुंडाळते. कुठेच नाही मिळालं की हा मेसेज येतो. म्हणजे सॉफ्टवेअर अगदी व्यवस्थित बसलेलं असू शकतं, फक्त त्याचं फोल्डर यादीत नाही. अशा वेळी तेच सॉफ्टवेअर पुन्हा टाकून काय साधणार?

व्हिडिओतली सेटएक्स कमांड डोळे मिटून मारणं

माझं सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक ही. आमच्या सोसायटीतला एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा. त्याचं ‘जावा’ (जावाचे प्रोग्राम चालवणारी कमांड) चालत होतं, ‘जावासी’ (ते प्रोग्राम कंपाइल करणारी) चालत नव्हतं. जेडीके ८ (जेडीके म्हणजे जावात प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीचं पॅकेज) च्या जमान्यातलं हे अगदी नेहमीचं दुखणं. इन्स्टॉलर ‘जावा’ची सोय पाथमध्ये करायचा, पण ‘जावासी’ राहायची जेडीकेच्या बिन फोल्डरमध्ये, आणि ते आपलं आपण जोडावं लागायचं. हे काम दोन मिनिटांचं. पण साहेबांना दोन मिनिटंही जास्त वाटली. एका व्हिडिओत सेटएक्सची, म्हणजे पाथसारख्या सेटिंग कायमच्या बदलणारी, एका ओळीची कमांड मिळाली, ती अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या सीएमडीत चिकटवली.

सेटएक्सला १०२४ अक्षरांची मर्यादा आहे. पाथ त्याहून लांब झाला की शेपूट सरळ छाटलं जातं. तशी वॉर्निंगही येते, पण तिच्याखालीच ‘सक्सेस’ असं लिहून येतं आणि पोरं तेवढंच वाचतात. यात गंमत अशी की नवं फोल्डर यादीच्या शेवटी जोडलेलं असतं, त्यामुळे नेमकं तेच छाटलं गेलं. जावासी काही चालेना. मग त्याने कमांडमधला ‘टक्का पाथ टक्का’ हा भाग, म्हणजे जुनी यादी, काढून टाकली आणि नुसतं बिन फोल्डर देऊन पुन्हा एंटर मारलं.

नव्या विंडोत जावासी चालली! त्या रात्री पठ्ठ्या खूश. दुसऱ्या दिवशी दारात हजर: ‘काका, पिंगसुद्धा ओळखेना. आयपीकॉन्फिगपण नाही.’ ओळखणार कसं? या कमांड सिस्टम३२ फोल्डरमध्ये राहतात आणि त्या फोल्डरचं नाव आता यादीत उरलंच नव्हतं. सेटएक्स स्वतःही तिथलीच, त्यामुळे तीही गेली. डीआयआर आणि सीडी तेवढ्या चालत होत्या, कारण त्यांना पाथ लागतच नाही.

वाचला तो एका वाईट सवयीमुळे. ही मुलं लॅपटॉप बंद करतच नाहीत, नुसतं झाकण मिटतात. ज्या सीएमडीत त्याने उद्योग केले, ती विंडो अजून खाली टास्कबारवर उघडी होती. सेटएक्सने केलेला बदल चालू विंडोला लागू होत नाही, त्यामुळे तिच्याकडे जुना पाथ शाबूत होता. तिथे नुसतं ‘पाथ’ टाइप केलं, आलेली यादी नोटपॅडमध्ये घेतली आणि एकेक फोल्डर हाताने परत भरलं. रीस्टार्ट करून आला असता तर आठवून आठवून भरत बसावं लागलं असतं.

माझी पद्धत साधी आहे. पाथला हात लावण्याआधी ‘पाथ’ कमांडचं उत्तर एका टेक्स्ट फायलीत घ्यायचं, फायलीच्या नावात तारीख टाकायची आणि ती डी ड्राइव्हवर ठेवून द्यायची. बदल नेहमी सेटिंगच्या खिडकीतूनच, कमांडने नाही. स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट’ टाइप करा, ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ उघडा, पाथ निवडा, ‘एडिट’ करा, ‘न्यू’ दाबा. विंडोज १० पासून तिथे एकेक फोल्डर वेगळ्या ओळीत छान दिसतं. एवढं असूनही ज्यांना एका ओळीची जादूच हवी, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

फोल्डरऐवजी भलतंच काहीतरी जोडणं

पाथमध्ये फोल्डर द्यायचं असतं. कोणी थेट ईएक्सई फायलीचा पत्ता देतं, कोणी बिनच्या एक पायरी वरचं जेडीके फोल्डर देऊन थांबतं. दोन्ही चुकीचं. ती ईएक्सई ज्या फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसते, तेच द्या. आणि मशीनवर नुसतं जेआरई (जावाचे प्रोग्राम फक्त चालवणारं पॅकेज) असेल तर जावासी तिथे मुळातच नसते. तेव्हा मात्र जेडीके टाकावंच लागतं.

जुन्याच विंडोत पुन्हा पुन्हा एंटर मारणं

वर सांगितलंच, उघड्या विंडोला नवा पाथ कळत नाही. ती बंद करून नवी उघडा. एडिटरमधलं टर्मिनल वापरत असाल तर आख्खा एडिटर बंद करून उघडा.

पायथन टाइप केलं आणि स्टोअर उघडलं

पायथनच्या इन्स्टॉलरमध्ये पाथचा चौकोन पहिल्याच पानावर असतो आणि त्यावर टिक नसते. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करणाऱ्यांना तो कधीच दिसत नाही. शिवाय २०१९ पासून विंडोज १० मध्ये पायथन नावाची एक पोकळ पाटी आधीच लावलेली असते, ती मायक्रोसॉफ्ट स्टोअरकडे धाडते. सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅप एक्झिक्युशन एलियासेस’मध्ये जाऊन ती बंद करा. नेहमीच्या इन्स्टॉलरने पायथन टाकलं असेल तर बऱ्याचदा नुसतं ‘पीवाय’ टाइप करूनही काम भागतं.

लिनक्सचा धडा सीएमडीत गिरवणं

एपीटी, एलएस अशा लिनक्सच्या कमांड इथे चालत नाहीत. ओळीच्या सुरुवातीचं डॉलरचं चिन्ह तर कमांडचा भागच नसतं, तेही लोक चिकटवतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा पीडीएफमधून घेतलेल्या कमांडमध्ये साध्या डॅशच्या जागी लांब डॅश आणि वाकडी अवतरणचिन्हं येतात. कमांड हाताने टाइप करा.

मेसेजमध्ये ‘सी ड्राइव्ह, प्रोग्राम’ एवढंच नाव येऊन पुढचं ‘फाइल्स’ गायब असेल, तर दोष मधल्या स्पेसचा. पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत घाला.

पॉवरशेल, म्हणजे विंडोजचीच दुसरी कमांड विंडो, चालू फोल्डरमध्ये आपणहून शोधत नाही, नावाआधी डॉट आणि बॅकस्लॅश द्यावा लागतो. टेलनेट विंडोजमध्ये असते, पण बंद ठेवलेली. विंडोज फीचर्समध्ये जाऊन चालू करा.

आणि मदत मागताना स्क्रीनचा मोबाईलवरून काढलेला तिरका फोटो पाठवू नका. त्यात तुम्ही काय टाइप केलं ती ओळच नेमकी कापलेली असते. कमांड आणि मेसेज कॉपी करून पाठवा, सोबत ‘व्हेअर’ (कमांडची फाइल कुठे आहे ते सांगणारी कमांड) आणि पुढे कमांडचं नाव दिल्यावर काय आलं तेही. पॉवरशेलमध्ये असाल तर ‘व्हेअर डॉट ईएक्सई’ असं पूर्ण लिहा, नुसत्या व्हेअरचा तिथे वेगळाच अर्थ आहे.