आयएसडीएन मोडेमसाठी डेटा प्रोटोकॉल कसा निवडावा

आयएसडीएन म्हणजे टेलिफोनची डिजिटल लाइन. आयएसडीएन मोडेम हे नाव रूढ झाले असले तरी या उपकरणात मोड्युलेशन, म्हणजे बिटांचे आवाजात रूपांतर, होत नाही. संगणकाच्या सीरियल पोर्टमधून येणारे बिट डिजिटल लाइनवर चढवण्याचे काम ते करते, म्हणून जाणकार त्याला टर्मिनल अॅडॅप्टर म्हणतात. हा भेद आधी सांगण्याचे कारण असे की साधे मोडेम समोरच्या मोडेमशी शिट्ट्यांच्या भाषेत वाटाघाटी करून वेग आणि पद्धत ठरवतात, तर आयएसडीएनमध्ये अशी वाटाघाट बहुधा होत नाही. कोणता प्रोटोकॉल वापरायचा हे फोन लावणाऱ्याने आधीच ठरवावे लागते, आणि ते पलीकडच्या टोकाला काय समजते यावरच ठरते. त्यामुळे मोडेमचे माहितीपुस्तक उघडण्याआधी पलीकडे कोणते उपकरण बसवले आहे, हे विचारून घ्यावे.

आयएसडीएनच्या बेसिक रेट, म्हणजे साध्या, जोडणीत ६४ किलोबिटचे दोन बी चॅनल आणि १६ किलोबिटचा एक डी चॅनल असतो. कॉल लावणे, उचलणे आणि तोडणे हे सारे डी चॅनलवरून एक्सचेंजशी होते. प्रत्यक्ष माहिती बी चॅनलवरून जाते. एक्सचेंजला एवढेच कळते की हा डिजिटल डेटाचा कॉल आहे. बी चॅनलच्या आत बिटांची मांडणी कशी केली आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. म्हणूनच प्रोटोकॉल चुकला तरी कॉल व्यवस्थित लागतो, दिवा हिरवा होतो, पडद्यावर ‘कनेक्ट ६४०००’ उमटते, आणि पुढे काहीच घडत नाही. एका कार्यालयाची लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली कायमची जोडणी) बंद पडल्यावर पर्यायी आयएसडीएन जोडणी सुरू करताना मी अशीच एक संपूर्ण संध्याकाळ घालवली होती. कॉल दरवेळी लागे, अर्धा मिनिट शांतता असे आणि मग ‘नो कॅरिअर’, म्हणजे जोडणी तुटल्याचा संदेश. मी लाइन तपासली, वायर बदलली, पासवर्ड पुन्हा टाकला. दोष मात्र एवढाच होता की मोडेम मूळच्या व्ही.१२० या प्रोटोकॉलवर होता आणि मुख्य कार्यालयातला राउटर सिंक्रोनस पीपीपीची (इंटरनेटची माहिती लाइनवरून सलग प्रवाहात नेणाऱ्या प्रोटोकॉलची) वाट पाहत होता.

इंटरनेट सेवादाता किंवा राउटर यांच्याशी जोडायचे असेल, तर सिंक्रोनस पीपीपी हीच निवड करावी. संगणकाचा पोर्ट असिंक्रोनस असतो, म्हणजे प्रत्येक बाइटमागे एक स्टार्ट आणि एक स्टॉप बिट जातो. राउटरला मात्र एचडीएलसी नावाच्या पद्धतीने चौकटींत (माहितीच्या गठ्ठ्यांत) बांधलेला सलग प्रवाह हवा असतो. हे रूपांतर मोडेम स्वतः करतो. माहितीपुस्तकात ही सोय ‘असिंक-टू-सिंक पीपीपी’ किंवा नुसती ‘एचडीएलसी’ या नावाने सापडेल. दोन्ही बी चॅनल जोडून १२८ किलोबिट हवे असतील, तर मल्टिलिंक पीपीपी निवडावे लागते. मात्र त्यासाठी पलीकडूनही परवानगी हवी आणि दोन कॉलचे बिल येणार हे धरून चालावे. इथे पासवर्डपाशी एक अडचण संभवते: दुसरा चॅनल मोडेम स्वतः लावतो, आणि चॅप या ओळख पटवण्याच्या पद्धतीत पासवर्ड उघडपणे जात नसल्याने काही जुन्या मोडेमांना दुसऱ्या चॅनलवर उत्तर देता येत नाही. पहिला चॅनल लागून दुसरा पुनःपुन्हा तुटत असेल, तर आधी इथेच पाहावे.

पोर्टचा वेगही याच वेळी तपासावा. १,१५,२०० चा पोर्ट सेकंदाला ११,५२० बाइटच नेऊ शकतो. एका चॅनलच्या ८,००० बाइटना तो पुरतो, दोन चॅनलच्या १६,००० ना पुरत नाही. तिथे २,३०,४०० चा पोर्ट लागतो.

पलीकडेही तुमच्यासारखाच टर्मिनल अॅडॅप्टर असेल आणि फाइल पाठवणे किंवा दूरच्या यंत्राच्या टर्मिनलवर काम करणे एवढाच हेतू असेल, तर निवड व्ही.१२० आणि एक्स.७५ यांच्यात होते. दोन्ही माहिती चौकटींत भरतात आणि चुकलेली चौकट पुन्हा मागवू शकतात. अमेरिकेत व्ही.१२० रुळला, जर्मनीत एक्स.७५, उपकरण कुठले आहे यावरून अंदाज बांधता येतो. दोन्ही टोके तुमच्याच ताब्यात असतील, तर जो दोघांनाही येतो तो घ्यावा. वेगात डोळ्यांत भरेल असा फरक पडत नाही. अमेरिकेतल्या काही मार्गांवर मात्र आठांपैकी सातच बिट भरवशाचे असत, म्हणून तिथे दोन्ही टोकांना ५६ किलोबिट ठेवावे लागे.

व्ही.११० हा माझ्या मते शेवटचा पर्याय समजावा. तो ९,६०० किंवा १९,२०० सारखा कमी वेग भरणीचे बिट घालून ६४ किलोबिटपर्यंत ताणतो आणि चुकांची दुरुस्ती करत नाही. ३८,४०० वर चालवला तरी चॅनलची निम्मीच क्षमता हाती लागते, बिल मात्र पूर्ण चॅनलचे येते. जीएसएम मोबाइलवरच्या जुन्या डेटा कॉलसाठी किंवा व्ही.११० पलीकडे काहीच न येणाऱ्या यंत्रासाठी मात्र तोच लागतो. आणि समोर साधा अॅनालॉग मोडेम असेल, तर यांपैकी एकही प्रोटोकॉल उपयोगाचा नाही. तुमच्या उपकरणातच अॅनालॉग मोडेमची सोय असावी लागते.

निवड चुकल्याची शंका आली, तर टर्मिनल प्रोग्राम उघडून हाताने कॉल लावून पाहावा. पडद्यावर ~ या चिन्हाने सुरू होणारी आणि } या चिन्हांनी भरलेली अक्षरे थोड्याथोड्या वेळाने येत असतील, तर पलीकडे पीपीपी चालू आहे आणि ते तुमच्यापर्यंत नीट पोहोचत आहे. काहीच उमटत नसेल, तर एंटर दाबून पाहावे आणि तरीही शांतता असेल, तर दुसरा प्रोटोकॉल लावावा.

प्रोटोकॉल बदलण्याची कमांड प्रत्येक कंपनीची वेगळी असते. लिनक्सच्या जुन्या आयएसडीएन प्रणालीत ते काम एस-१४ रजिस्टर (सेटिंगचा क्रमांकित कप्पा) करते: ० म्हणजे एक्स.७५, ३ म्हणजे एचडीएलसी. सापडलेली कमांड मोडेमच्या स्मृतीत साठवावीच, पण डायल-अप जोडणीच्या जादा सेटिंगमध्येही लिहून ठेवावी, कारण बरेच प्रोग्राम कॉल लावण्याआधी मोडेमला कारखान्यातल्या मूळ स्थितीत नेतात आणि साठवलेली निवड त्यात पुसली जाते.