विज्ञानाच्या बातमीवर वाद घालताय? या चुका टाळा

सकाळी पेपर टेबलावर पसरले की पाच मिनिटांत आमच्या वाचनालयात आवाज चढतो. राजकारणावर भांडण झालं तर मी लक्ष देत नाही. तिथं निदान आपण कशावर भांडतोय हे दोघांनाही ठाऊक असतं. विज्ञानाची बातमी आली की तेही नसतं. कृत्रिम पाऊस, हिंगोलीचे धक्के, औंढ्याचं लायगो (अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा), कापसाचं बियाणं, विषय कोणताही असो, चुका ठरलेल्या. परभणीत हे टेबल सांभाळता सांभाळता त्या मला तोंडपाठ झाल्यात. त्यातल्या दोन मला फार छळतात, त्यांच्यावर मी जास्त बोलणार. बाकीच्यांना थोडक्यात उरकतो.

"विमान आलं अन् पाऊस पडला"

२०१५ला आणि पुन्हा २०१९ला सरकारनं मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, म्हणजे पाऊस पडावा म्हणून विमानातून ढगात बारीक कण सोडायचे. विमान औरंगाबादहून उडायचं, तेव्हा शहराचं नाव तेच होतं. ऑगस्ट २०१९चे दिवस. आमच्याकडे रोज येणारे एक निवृत्त तलाठी आहेत, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. समोर जिंतूर रोडकडचा एक कापूसवाला.

"काल विमान फिरलं, रात्री पडला का नाही?" अप्पांनी पेपरवर बोट आपटलं.

"अप्पा, काय सांगू लालात? आमच्या शिवारावर चांगलं भरून आलतं. विमान गेलं अन् सगळं पांगलं. विमानानंच पाऊस पळवला आमचा."

झालं. एकानं दुसऱ्याचं शिक्षण काढलं, दुसऱ्यानं पहिल्याची पेन्शन. त्यानंतर बरेच दिवस दोघं एका बाकावर बसत नव्हते.

खरं तर दोघं एकच चूक करत होते. विमान गेलंच नसतं तर काय झालं असतं, याचा विचार कुणीच केला नव्हता. ऑगस्टमधला ढग विमानाशिवाय पडतो आणि विमानाशिवाय पांगतोही. एखाद्या उंच ढगाचं आयुष्य तासाभराच्या आत संपतं. मी त्या आठवड्याचे पेपर काढून मंडळनिहाय पावसाचे आकडे दोघांपुढे ठेवले. विमान ज्या तालुक्यांवर फिरलं होतं तिथं कुठं पडला होता, कुठं नव्हता. जिकडे ते फिरकलंही नव्हतं, तिकडेही तीच गत. यावर अप्पा काय म्हणाले असतील? "म्हणजे प्रयोग फसला म्हणा की!" अहो, तेही त्यातून निघत नाही. त्या आकड्यांवरून प्रयोग फसला असंही म्हणता येत नाही, जमला असंही नाही.

हे ठरवायचं कसं, ते आपल्या शेजारीच करून दाखवलंय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात सोलापूर भागात प्रयोग केला. पावणेतीनशेच्या आसपास ढग घेतले. त्यातल्या कोणत्या ढगात कण सोडायचे आणि कोणता तसाच ठेवायचा, हे माणसाच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. नंतर दोन्ही गटांचा पाऊस ताडून पाहिला. निष्कर्ष २०२३ला आला: सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस, तोही ढग योग्य असतील तर. म्हणजे १० मिलिमीटर पडणार असेल तिथं पावणेबारा. आणि ढगच नसेल तर विमानानं नुसता फेरफटका मारायचा. कण सोडल्यानं आहे त्या ढगातले थेंब किंवा बर्फाचे कण मोठे व्हायला मदत होते, नवा ढग काही तयार होत नाही.

माझी सवय सांगतो. वाद सुरू झाला की मी पुस्तक देण्याघेण्याच्या चिठ्ठीची कोरी बाजू पुढे करतो. "तुमचा दावा एका वाक्यात लिहा, आणि खाली लिहा, कशाच्या तुलनेत." पहिली ओळ सगळे फर्राटेदार लिहितात. दुसरीवर पेन थांबतं. नव्यानं यायला लागलेल्या पोरांना तर याचा भयंकर कंटाळा. त्यांना लगेच उत्तर पाहिजे, मोबाईल वर करून दाखवायचा असतो. असू द्या. चिठ्ठी भरल्याशिवाय माझ्या टेबलावर बोलायचं नाही.

"साडेचार म्हणजे किल्लारीच्या जवळच की"

ही दुसरी. हिच्यापायी लोक रात्रभर उघड्यावर झोपले, म्हणून हिचा जास्त राग.

२१ मार्च २०२४ला सकाळी हिंगोली, परभणी, नांदेडात जमीन हलली, तीव्रता ४.५. पुन्हा १० जुलैला, पुन्हा ४.५. आमच्या वाचनालयातलं लोखंडी कपाट खडखडलं, तेवढंच. पण आपल्याकडे भूकंप म्हटलं की किल्लारी डोळ्यांपुढे येते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आलेले, गणपती विसर्जनाची रात्र उलटलेली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तीव्रता ६.२. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्या भीतीला मी नावं ठेवत नाही. पण जुलैमध्ये एक सुशिक्षित गृहस्थ, चांगले बँकेतून निवृत्त झालेले, सगळ्यांना समजावून सांगत होते: "६.२ आणि ४.५, फरक किती? पावणेदोन सुद्धा नाही. म्हणजे किल्लारीच्या तीन चतुर्थांश धक्का बसला आपल्याला." ऐकणारे माना डोलावत होते. दुपारपर्यंत हेच गणित गल्लीतल्या ग्रुपवर फिरलं. संध्याकाळी त्याला शेपूट फुटलं: नासानं इशारा दिलाय, चोवीस तासांत मोठा येणार. त्या रात्री आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका-पोरांनी अंगणात आणि गच्चीवर सतरंज्या टाकल्या, वरून पावसाची भुरभुर चालू.

आता गणित बघा. भूकंपाचं माप फूटपट्टीसारखं वाचायचं नसतं. एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोन अंक वाढले की हजार पट. या हिशेबानं ६.२ आणि ४.५ यांच्यात साडेतीनशे पटींच्या आसपास फरक पडतो. कुठं तीन चतुर्थांश आणि कुठं साडेतीनशेवा हिस्सा! वर नुकसान किती होणार, हे नुसत्या तीव्रतेवर ठरत नाही. केंद्र किती खोल आहे, माती कोणती, घर कसलं, यावरही ठरतं. किल्लारी-सास्तुर भागात माणसं जास्त गेली ती मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींखाली.

राहिली भविष्यवाणी. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक तीव्रतेचा भूकंप येणार, हे आजवर जगात कुणालाही सांगता आलेलं नाही. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था हे उघड सांगते. आणि नासाचं हे कामही नाही. त्यामुळे भूकंपाच्या निरोपात तास आणि तारीख दिसली की मी पुढे वाचत नाही. आमच्याकडे येणाऱ्यांनाही तेच सांगतो: घर कच्चं असेल तर त्याची दुरुस्ती करा, डोक्याशी जड सामान ठेवू नका. कंटाळवाणा सल्ला आहे, म्हणून कुणी पुढे पाठवत नाही.

"लायगोमुळंच जमीन गुरगुरते"

वरच्याच चुकीची ही धाकटी बहीण. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे आणि आसपास जमिनीतून आवाज येतात, हे खरं. औंढा नागनाथजवळ लायगोची जागा आहे, हेही खरं. दोन्ही हिंगोली जिल्ह्यात, म्हणून लगेच गाठ मारायची? प्रकल्पाच्या बांधकामाला केंद्रीय मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी मिळाली एप्रिल २०२३मध्ये. आवाज त्याच्या कितीतरी आधीचे. शिवाय लायगोत खाली काही फोडायचं नसतं. चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, त्यातून लेसरचा प्रकाश, आणि आरशांमधलं अंतर प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढं बदललं तरी कळेल अशी व्यवस्था. त्याला शांतता लागते. दूरच्या देशात भूकंप झाला तरी अमेरिकेतल्या लायगोचं काम अधूनमधून थांबतं.

पण विरोधातल्या एका पोरानं मला विचारलेलं आवडलं: "मग असलं नाजूक यंत्र धक्के बसणाऱ्या भागात कशाला?" हा प्रश्न बरोबर आहे, आणि तो प्रकल्पवाल्यांनाच विचारला पाहिजे. अफवेपेक्षा असा एक प्रश्न लाखमोलाचा. वाद घालायचाच तर असा घाला.

आता भराभर

बातमीची तारीख न बघणं. मिरजेहून लातूरला पाणी आणणाऱ्या रेल्वेचा २०१६चा फोटो दर उन्हाळ्यात ताजा होऊन येतो. फोटो आला की आधी तारीख विचारा.

मथळ्यावर भांडणं. मथळा वार्ताहर लिहीत नाही, बहुतेक वेळा डेस्कवरचा माणूस जागा बघून लिहितो. आत तिसऱ्या परिच्छेदात प्रयोग "उंदरांवर" झाला असं असतं. तिथवर पोचत चला.

"मान्सून सरासरीइतका म्हणाले होते, आमच्याकडे कुठं?" हवामान खात्याची ती टक्केवारी अख्ख्या देशाची, चार महिन्यांची असते. २०२३ला देशात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला, आणि त्याच वर्षीचा ऑगस्ट १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आपल्या शिवारासाठी तालुक्याचा अंदाज बघा, दिल्लीच्या आकड्यावर चिडून उपयोग नाही.

मेगावॅट आणि युनिट एकच समजणं. मेगावॅट ही क्षमता, युनिट म्हणजे प्रत्यक्ष मिळालेली वीज. एक मेगावॅटचं सौर केंद्र दिवसाला साधारण चार-पाच हजार युनिट देतं, २४ हजार नाही, कारण सूर्य रात्री नसतो. परळीच्या औष्णिक वीज केंद्रातल्या एका संचाएवढ्या मेगावॅटचं सौर केंद्र झालं म्हणून लगेच तेवढीच वीज मिळाली असं धरू नका. अर्थात परळीलाही पाण्याअभावी संच बंद ठेवावे लागलेत, हे सौरवाल्यांनी ऐकवलं तर तेही ऐकून घ्या.

"तुम्ही कोण सांगणारे?" हे वाक्य माझ्या टेबलावर बंद आहे.

"बीटी फेल गेलं"

बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं कापसाचं बियाणं. हा वाद परभणीत टळत नाही. इथं कृषी विद्यापीठ, चहूबाजूला कापूस. गोंधळ असा की तीन वेगळे प्रश्न एकाच वाक्यात कोंबले जातात. बीटी बोंडअळीवर चाललं का, बियाणाचा भाव परवडतो का, आणि शेतकरी कर्जात का. पहिल्याचं उत्तर शेतात आणि प्रयोगशाळेत आहे, दुसऱ्याचं बाजारात, तिसऱ्याचं अनेक ठिकाणी. एकावर बोलत असताना दुसऱ्यावर उडी मारली की वाद संपत नाही, माणसं थकतात तेवढी.

पहिल्यापुरतं बोलायचं तर २००२ला बीटीला मंजुरी मिळाली, २००६ला दोन जनुकांचं आलं. हिरव्या बोंडअळीवर त्यानं काम केलं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी ते कधी नव्हतंच. नांदेड ४४ हा कापसाचा जुना वाण गाजला होता तो या रसशोषक किडींपुढे तग धरायचा म्हणून. गुलाबी बोंडअळी मात्र पुढे बीटीला जुमानेनाशी झाली, आणि २०१७ला महाराष्ट्रात तिनं कापूस खाल्ला. त्यात आपला हात नव्हता असं नाही. पाकिटासोबत आलेलं रेफ्युजीचं बी (बीटी नसलेलं, अळी बीटीला सरावू नये म्हणून कडेनं पेरायचं) बांधावर टाकून दिलं, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं पीक, फेब्रुवारी-मार्चपर्यंत ओढली, अळीला बारा महिने जेवण मिळालं. हे बोललं की काही जण उठून जातात. कंपन्यांवर बोललं की दुसरे काही जण उठतात.

म्हणून "बीटी फेल" म्हणणाऱ्याला मी चिठ्ठी देतो आणि तीन गोष्टी लिहायला लावतो: कोणती कीड, कोणतं वर्ष, शेजारच्या कोणत्या शेताच्या तुलनेत. लिहून आणली तर टेबलाची पुढची खुर्ची त्याची. नाही आणली तर खेळाचं पान मोकळं असतंच.