जुन्या सी कोडमधील बदलांसाठी कॉक्सिनेल
नाशिकच्या सातपूर-अंबड भागातील कारखान्यांसाठी लिहिलेल्या एखाद्या जुन्या सी प्रोग्राममध्ये मॅलॉक या मेमरी मागणाऱ्या फंक्शननंतर लगेच मेमसेटने ती मेमरी शून्य करणाऱ्या जोड्या जागोजागी असतील, तर त्यांऐवजी ही दोन्ही कामे एकदम करणारे कॅलॉक घालण्यासाठी कॉक्सिनेल हे सी कोडमध्ये नियमानुसार बदल करणारे साधन वापरावे. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कामात ते चांगलेच रुळलेले आहे. नियमात काढायच्या ओळीपुढे वजा आणि घालायच्या ओळीपुढे अधिक चिन्ह द्यावे. व्हेरिएबलची नावे फाइलगणिक वेगळी असली तरी अडत नाही, कारण नियमाच्या आरंभीच नावाच्या जागी कोणतेही एक्स्प्रेशन (किंमत देणारी कोणतीही रचना) चालेल असे घोषित करता येते. कॉक्सिनेलची एसपॅच ही आज्ञा आधी केवळ फरक दाखवते, मूळ फाइलला हात लावत नाही. तो फरक ओळीनओळ वाचावा; येथे घाई करणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. मॅक्रोंच्या (कंपाइल होण्याआधी कोडमध्ये उलगडणाऱ्या संक्षेपांच्या) गुंत्यामुळे जे फंक्शन साधनाला वाचता येत नाही, ते तसेच सोडले जाते, म्हणून ते हाताने तपासावे. त्यानंतरच इन-प्लेस पर्याय देऊन बदल मूळ फाइलमध्ये उतरवावेत आणि चाचण्या चालवाव्यात.