छातीत दुखणारा पेशंट आणि कार्डियाक सीटी: नव्या रेसिडेंटसाठी

"४५ वर्षांचा पेशंट, सकाळपासून छातीत दुखतंय, ईसीजी नॉर्मल, पहिलं ट्रोपोनिन निगेटिव्ह. कोरोनरी सीटी करून द्याल का?" रेडिओलॉजीला आलात की कॅज्युअल्टीतून असे फोन येतच राहणार. (ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन.)

ही तपासणी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी नळ्यांचा सीटी, कोणासाठी, हे आधी पक्कं करा. ईसीजीत एसटी एलिव्हेशन (मोठ्या हार्ट अ‍ॅटॅकची खूण) असेल तर सीटीत वेळ घालवायचाच नाही, पेशंट सरळ कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत. धोका अगदीच कमी असेल तर गरज नाही. उरतात ते मधले, ज्यांना घरी पाठवायला मन धजत नाही आणि भरती करायलाही ठोस कारण नसतं. अमेरिकेच्या २०२१ च्या गाइडलाइन्समधली ठाम शिफारस याच गटासाठी आहे, तीही आधीचा हृदयविकार माहीत नसेल तर. २०१२ चा रोमिकॅट-२ हा अभ्यास मुळातून वाचा. १००० पेशंटांपैकी सीटी गटातले ४७ टक्के इमर्जन्सीतूनच घरी गेले, नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्यांपैकी १२ टक्के. पुढच्या तपासण्या आणि रेडिएशन मात्र सीटी गटात वाढलं. ब्रिटनच्या रॅपिड-सीटीसीए या अभ्यासात पेशंट जास्त धोक्याचे होते, तिथे वर्षभरातले मृत्यू आणि हार्ट अ‍ॅटॅक काही कमी झाले नाहीत. माझ्या मते या सीटीची खरी ताकद 'ब्लॉकेज नाही' हे खात्रीने सांगण्यात आहे.

पण तसं सांगायला चित्र स्वच्छ हवं, आणि ते पेशंट टेबलवर चढण्याआधीच ठरतं. ठोके मिनिटाला ६० च्या आसपास आणा. साधारण तासभर आधी मेटोप्रोलॉल (ठोके कमी करणारं औषध) ५० ते १०० मिलिग्रॅम तोंडाने देतात; त्याआधी दमा, कमी बीपी, हार्ट ब्लॉक विचारून घ्या. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि कॉन्ट्रास्टची, म्हणजे नळ्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात त्या औषधाची, अ‍ॅलर्जी तर बघायचीच. जिभेखाली नायट्रोग्लिसरीन (नळ्या रुंद करणारं औषध) देण्यापूर्वी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली आहे का, हा प्रश्न नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारा. बायको-मुलांसमोर कोणी खरं सांगत नाही, आणि दोन्ही औषधं एकत्र आली तर बीपी धोकादायक खाली येतं.

उजव्या कोपरात हिरवा व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची नळी), म्हणजे १८ गेज. कॉन्ट्रास्ट सेकंदाला ५-६ मिली वेगाने जातो, मनगटावरची बारीक शीर तो सोसत नाही.

श्वासाची तालीम मी कधीच टाळत नाही. "काका, श्वास घ्या, धरून ठेवा" म्हटलं की बरेचजण छाती फुगवून जोर लावतात आणि मॉनिटरवर ठोके हलतात. म्हणून "नेहमीसारखाच घ्या, जोर नको" असं सांगून दोनदा करून घ्यायचं, नजर मॉनिटरवर. कॉन्ट्रास्ट जाताना अंगभर गरम लाट येते, लघवी झाल्यासारखं वाटतं, हेही आधी सांगा. नाहीतर माणूस घाबरतो आणि मेहनतीने खाली आणलेले ठोके नेमके स्कॅनच्या क्षणी वर जातात.

वाचताना उजव्या कोरोनरीच्या मधल्या भागाला जपा. तिथे हालचालीने येणारा धूसरपणा ब्लॉकेजसारखा दिसतो. दुसरा फेज, म्हणजे त्याच ठोक्यातल्या दुसऱ्या क्षणाचं चित्र, उघडून पाहिल्याशिवाय निदान लिहू नका. कॅल्शियमचे दाट थर असतील तर नळी आहे त्याहून अरुंद भासते. उलट, तरुण सिगरेट ओढणाऱ्याचा कॅल्शियम स्कोअर शून्य आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मऊ प्लाक (नळीच्या भिंतीत साचलेला चरबीचा थर) त्या स्कोअरमध्ये दिसतच नाही, आणि आपल्याकडे हार्ट अ‍ॅटॅक कमी वयात येतात. मग लंग विंडो (फुप्फुसं नीट दिसणारी सेटिंग) लावा, महाधमनी बघा. दुखण्याचं कारण कधी तिथेच सापडतं.

रिपोर्टमध्ये कॅड-रॅड्सचा, म्हणजे नळी किती अरुंद आहे हे सांगणाऱ्या ठरलेल्या श्रेणीचा, आकडा द्या. ० म्हणजे काहीच नाही, ३ म्हणजे ५० ते ६९ टक्के अरुंद, ५ म्हणजे पूर्ण बंद. एखादा भाग वाचताच येत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. १ किंवा २ (५० टक्क्यांहून कमी अरुंद) आला तर आज घरी जाता येईल, पण प्लाक आहे. फिजिशियनला दाखवून स्टॅटिनचं (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचं) ठरवायला हवं, ही ओळ टाकाच. आणि रिपोर्ट टाइप होण्याची वाट न बघता कॅज्युअल्टीला फोन करा.